छोट्या लॉन ट्रॅक्टरचे ट्रान्सॲक्सल झिजले आहे : दुरुस्त करावे की बदलावे?

मुळशीची माती (१४ जुलै)

नमस्कार. पौडच्या पुढे आमची दीड एकराची आंब्याची बाग आहे. झाडांच्या ओळींमधले गवत कापण्यासाठी वडिलांनी काही वर्षांपूर्वी बसून चालवायचा एक छोटा लॉन ट्रॅक्टर वापरलेल्या अवस्थेत घेतला होता. वडील गेल्यापासून बागेचे पाहणे माझ्याकडे आले असून मी कोथरूडहून दर शनिवारी तिकडे जाते. इंजिनचे तेल, एअर फिल्टर आणि पात्यांना धार एवढे मी स्वतः करते, पण त्यापुढचे यंत्रज्ञान मला अवगत नाही.

अडचण अशी आहे की सकाळी गाडी सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटे ती व्यवस्थित चालते. त्यानंतर चढावर तिचा वेग हळूहळू कमी होत जातो, आणि गेल्या शनिवारी तर वरच्या बांधाजवळ ती जागच्या जागी थांबली. इंजिनचा आवाज नेहमीसारखा होता, पातीही फिरत होती, परंतु पेडल पूर्ण दाबूनही मागची चाके फिरत नव्हती. अर्धा तास सावलीत उभी केल्यावर ती पुन्हा चालू लागली, आणि पुन्हा पंधरा मिनिटांत तोच प्रकार झाला. गिअर बदलण्याची दांडी नाही. पुढे जाण्यासाठी एक पेडल आणि मागे येण्यासाठी दुसरे, अशी रचना आहे.

शहरातल्या एका कार्यशाळेत मी फोनवर विचारले असता गाडी न पाहताच मला सांगण्यात आले की मागचे ट्रान्सॲक्सल, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या चाकांना देणारी पेटी, संपूर्ण बदलावे लागेल. सांगितलेली रक्कम आमच्या बागेच्या एका हंगामाच्या उत्पन्नाच्या जवळपास जाते. एवढा खर्च करण्याआधी दोष नक्की तिथेच आहे याची खात्री कशी करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

टेकडीवरचा (१४ जुलै)

आमच्या संस्थेच्या मैदानावरही असाच ट्रॅक्टर आहे, पण त्याला हाताने बदलायचे गिअर आहेत. त्यात गार-गरम असा फरक कधी जाणवत नाही. बिघडते तेव्हा गिअर निसटतो किंवा खडखडाट होतो. तुमची लक्षणे वेगळी दिसतात.

भोसरीचा फिटर (१४ जुलै)

ताई, तुम्ही लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की अर्धे निदान तिथेच झाले. तुमच्या गाडीत हायड्रोस्टॅटिक ट्रान्सॲक्सल आहे. एकाच ॲल्युमिनियमच्या पेटीत तेलाचा पंप, त्या तेलाने फिरणारी मोटार, वेग कमी करणारे गिअर, वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे डिफरन्शियल आणि मागच्या चाकांचे ॲक्सल असे सगळे बसवलेले असते. इंजिनकडून आलेला बेल्ट पेटीच्या डोक्यावरची पुली फिरवतो आणि पुली पंप फिरवते. पंपातल्या छोट्या पिस्टनांसमोर एक तिरपी होणारी तबकडी असते. तुम्ही पेडल दाबता तेव्हा ती तबकडी कलते, पिस्टनांची चाल वाढते, जास्त तेल मोटारीकडे जाते आणि गाडी वेग घेते. तबकडी उलट बाजूला कलली की गाडी मागे येते.

आता गार-गरमचा प्रश्न. पंपाचा आणि मोटारीचा फिरता ठोकळा मधल्या स्थिर भागाच्या सपाट तोंडावर घासून फिरतो, आणि दोहोंमध्ये तेलाचा अगदी पातळ पापुद्रा असतो. ते तोंड झिजले की दाबाखालचे तेल बाजूने निसटू लागते. तेल थंड आणि घट्ट असते तोवर निसटणे कमी असते. तापून ते पातळ झाले की दाब धरलाच जात नाही, आणि चढावर दाब सर्वात जास्त लागत असल्याने गाडी तिथेच थांबते. म्हणजे त्या कार्यशाळेचे निदान खरे असू शकते. पण तीच लक्षणे फुकटात किंवा थोडक्या खर्चात जाणाऱ्या कारणांनीही दिसतात, आणि ती आधी बाद केल्याशिवाय पेटीला हात लावू नये.

पहिली गोष्ट बेल्ट. त्याच्या कडा काचेसारख्या चमकत असतील तर तो तापल्यावर घसरतो. बेल्ट ताणणारी आयडलर पुली तिच्या खिळीवर मोकळी हलते का आणि तिची स्प्रिंग सैल पडली आहे का, तेही पाहा. मग पेटीच्या डोक्यावरचा प्लॅस्टिकचा पंखा पाहा. त्याची पाती तुटली असतील किंवा पेटीच्या पन्हाळ्यांत, म्हणजे तिला थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या खाचांत, गवत दडपून बसले असेल तर तेल थंड होण्याचा मार्गच बंद होतो. गाडी ढकलण्यासाठी मागे एक बायपासची दांडी असते, ती अर्धवट ओढलेली राहिली तरी निम्मा दाब वाया जातो. ब्रेक चिकटून राहत असेल तरी पेटी विनाकारण तापते. शेवटी चाकांच्या टोप्या काढून ॲक्सलमधली चौकोनी चावी जागेवर आहे ना ते बघा, कारण चावी तुटली की ॲक्सल आतल्या आत फिरत राहतो आणि चाक उभे राहते.

इंजिन बंद, किल्ली काढलेली आणि प्लगची वायर सोडलेली असतानाच हे सर्व करावे.

मुळशीची माती (२१ जुलै)

आपण सांगितलेल्या क्रमाने सर्व पाहिले. आसन आणि मागचे झाकण काढल्यावर जे दिसले ते सविस्तर लिहिते. पेटीच्या पन्हाळ्या दिसतच नव्हत्या. त्यांवर गवत, धूळ आणि तेल यांचा काळा-हिरवा थर इतका घट्ट बसला होता की तो चुन्याच्या गिलाव्यासारखा पापुद्र्याने निघाला. खाली शेणाच्या गोवरीएवढा ढीग जमला. पंख्याच्या पात्यांपैकी निम्मी बुडाशी तुटलेली होती. बेल्टच्या दोन्ही कडा चकाकत होत्या आणि आयडलरचे बेअरिंग हाताने फिरवताना खरखरत होते. बायपास, ब्रेक आणि दोन्ही चाकांच्या चाव्या ठीक आहेत.

पेटी ब्रशने आणि थोड्या डिझेलने साफ केली, आयडलर बदलला. बेल्टसाठी मात्र मी दुकानात जुना तुकडा दाखवला तेव्हा पिठाच्या गिरणीला लागतो तसाच, त्याच मापाचा बेल्ट देऊ केला गेला. तो चालेल का?

लेथवाला, चिंचवड (२१ जुलै)

घेऊ नका. माप जुळले तरी तो बेल्ट या कामासाठी केलेला नसतो. लॉन ट्रॅक्टरमध्ये क्लच सोडताना बेल्ट घसरतच जागेवर येतो आणि आयडलर त्याच्या पाठीवर दाब देतो, म्हणून अशा बेल्टमध्ये ताण न खाणारे अरामिड धागे आणि घसरण सोसणारे कापडी आवरण असते. गिरणीचा बेल्ट थोड्याच दिवसांत लांबतो, आणि मग दोष ट्रान्सॲक्सलचा की बेल्टचा हा गोंधळ पुन्हा सुरू होतो. ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेतल्या क्रमांकानेच बेल्ट मागवावा.

मुळशीची माती (४ ऑगस्ट)

योग्य क्रमांकाचा बेल्ट आणि नवा पंखा बसवून काल गाडी चालवली. वीस मिनिटांऐवजी ती साधारण पस्तीस मिनिटे चालली, पण त्यानंतर वरच्या बांधाच्या चढावर पुन्हा थांबली. म्हणजे साफसफाईने फरक पडला, मात्र मूळ दोष पेटीतच आहे असे मला आता वाटते. मध्येच थांबून पेटीच्या तेलटाकीच्या तोंडाशी तेल पाहिले. बोटाला लागलेले तेल राखाडी होते आणि उन्हात धरल्यावर त्यात चांदीच्या वर्खासारखी बारीक चमक दिसली.

भोसरीचा फिटर (४ ऑगस्ट)

ती चमक म्हणजे झिजलेला धातू आहे, ताई. आता पेटी उतरवण्याला पर्याय नाही. या वर्गातल्या बऱ्याच पेट्यांना, उदाहरणार्थ टफ टॉर्क कंपनीच्या के-४६ प्रकाराला, खालून तेल काढण्याचे बूचच नसते. पेटी उतरवून उलटी केल्याशिवाय तेल निघत नाही. त्यामुळे लोक आयुष्यभर तेल बदलत नाहीत. सपाट बंगल्याभोवती आठवड्याला अर्धा तास फिरणाऱ्या गाडीचे त्यावाचून अडत नसेल, पण मुळशीच्या पावसात वाढलेले ओले गवत आणि डोंगरउतार यांसाठी ही हलकी पेटी मुळात बनवलेली नाही. तुमच्या वडिलांनी गाडी घेतली तेव्हा हे त्यांना कोणी सांगितले नसेल.

लेथवाला, चिंचवड (५ ऑगस्ट)

माझे मत थोडे वेगळे आहे. पेटी उतरणारच असेल तर ती उघडून पाहावी. मधल्या भागाचे तोंड नुसते मळकट झाले असेल तर सरफेस प्लेटवर (अगदी सपाट घडवलेल्या पाटीवर) बारीक पॉलिश कागद ठेवून ते सपाट करता येते. पंप, मोटार आणि मधला भाग यांचा संच काही प्रकारांसाठी वेगळाही मिळतो, आणि गिअर, डिफरन्शियल, ॲक्सल सहसा चांगलेच असतात. ऑइल सीलसाठी परदेशाकडे पाहण्याची गरज नाही. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे छापलेले असतात, ते घेऊन पुण्याच्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत विचारले तर बहुधा मिळतात.

भोसरीचा फिटर (५ ऑगस्ट)

लेथवाले साहेबांचा मुद्दा मला मान्य आहे, पण एक कसोटी ठेवावी. त्या तोंडावरून नख आडवे फिरवा. नख सरळ गेले तर पॉलिशने भागेल. नख अडकले तर ती चरे घासून काढण्यात जेवढा धातू जाईल तेवढ्याने ठोकळ्याची बैठक बदलते, आणि पिस्टनांवर चरे असतील तर त्यांना उपायच नाही. अशा वेळी दुरुस्तीवर घातलेले पैसे एका पावसाळ्यात वाहून जातात.

उतरवण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण इथेच अपघात होतात. या गाड्यांचा ब्रेक ट्रान्सॲक्सलवरच असतो. पेटी सुटली की गाडीला ब्रेक उरत नाही, आणि बायपास ओढला की ती उतारावर गडगडत जाते. म्हणून काम सपाट, कडक जमिनीवरच करावे, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत आणि मागून गाडी उचलल्यावर ती नुसत्या जॅकवर न ठेवता चेसिसखाली घोड्या द्याव्यात. बॅटरीची ऋण तार आधी सोडावी. पेटी उतरवताना एक माणूस जास्त घ्यावा.

मुळशीची माती (१९ ऑगस्ट)

पेटी उतरली आणि उघडलीही. शेजारच्या शेतातले काका आणि त्यांचा मुलगा मदतीला होते. पुढे कोणाला उपयोगी पडेल म्हणून जिथे अडलो ते लिहिते.

पात्यांचा डेक काढणे, आयडलरची स्प्रिंग सोडून बेल्ट पुलीवरून उतरवणे, पेडलकडून येणारी दांडी, ब्रेकची दांडी आणि बायपासची दांडी सोडणे, हे सर्व तासाभरात झाले. प्रत्येक दांडी सोडण्याआधी मी मोबाइलवर दोन बाजूंनी छायाचित्रे घेतली आणि पेडलच्या दांडीवरचे आटे किती बाहेर आहेत ते मोजून लिहून ठेवले. ते पुढे फार उपयोगी पडले.

खरा वेळ गेला तो उजव्या चाकात. टोपी काढली, चाक अडवून धरणारी सर्क्लिप निघाली, वॉशर निघाला, पण चाक ॲक्सलवर गंजून एकजीव झाले होते. काकांनी हातोडा उचलला तेव्हा मी त्यांना थांबवले, कारण ॲक्सलच्या टोकावर घाव बसला तर तो थेट पेटीतल्या गिअरवर जातो. गंज सोडवणारे तेल सोडून चाक रात्रभर तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल सोडले, चाक पुढे-मागे हिसडत राहिलो आणि शेवटी पौडच्या गॅरेजमधून तीन पायांचा पुलर आणून हबमागे लावला. पुलरचा स्क्रू घट्ट होत गेला, काही क्षण काहीच हलले नाही, आणि मग 'टक्' असा एकच आवाज होऊन चाक दोरा-दोऱ्याने सरकू लागले. ॲक्सलवर तांबड्या गंजाची नळी बसलेली होती आणि तिच्यात चावीची खाच बुजून गेली होती. चाक परत बसवताना तिथे ग्रीस लावायचे हे तेव्हाच वहीत लिहिले.

पेटी उलटी करून तेल काढले. ते शाईसारखे होते. आतल्या चुंबकावर धातूचा चिखल केसाळ सुरवंटासारखा उभा राहिला होता. मधल्या भागाचे तोंड पुसून नख फिरवले. ते दोन ठिकाणी स्पष्ट अडकले आणि मोटारीच्या पिस्टनांवर उभ्या चरे होत्या.

लेथवाला, चिंचवड (१९ ऑगस्ट)

मग मी माझा आग्रह मागे घेतो. पूर्ण पेटी बदला. मात्र मागवताना पेटीवरच्या प्रकारनावावर विसंबू नका. एकाच नावाच्या पेटीचे कितीतरी उपप्रकार असतात. कोणात पेडलची भुजा उजवीकडे, कोणात डावीकडे, कोणात ब्रेकची भुजा वेगळ्या कोनात. ट्रॅक्टरच्या पाटीवरचा मॉडेल आणि अनुक्रमांक देऊन त्यावरून निघणारा सुट्या भागाचा क्रमांकच विक्रेत्याला द्यावा. जुन्या बाजारात रविवारी अशी एखादी पेटी दिसली आणि स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, कारण ती आतून कशी आहे हे हाताने फिरवून कळत नाही.

मुळशीची माती (२८ सप्टेंबर)

नवी पेटी मिळायला महिना गेला, तोवर गवत कमरेएवढे वाढले आणि ते मजुरांकडून ब्रश कटरने कापून घ्यावे लागले. पेटीसोबत पुली आणि पंखा आले नव्हते. माझा नवा पंखा होता, पुली जुन्यावरून काढली. पेटी तेल भरून आली होती, तरी पातळी तपासली.

बसवणे उतरवण्याच्या उलट क्रमाने झाले. अडचण एकच आली. इंजिन सुरू करून मागची चाके हवेत ठेवली असता पेडलवर पाय नसतानाही ती सावकाश पुढे फिरत होती. याला काय करावे?

भोसरीचा फिटर (२८ सप्टेंबर)

ते न्यूट्रलचे जुळवणे राहिले आहे. इंजिन बंद करून पेडलच्या दांडीचे टोक अर्ध्या-अर्ध्या आट्याने फिरवा आणि प्रत्येक वेळी पाहा. पेडल पुढे दाबून सोडल्यावर आणि मागे दाबून सोडल्यावर, दोन्ही वेळा चाके पूर्ण थांबली पाहिजेत. हे न करता गाडी जमिनीवर उतरवू नका, कारण अशी गाडी माणूस समोर उभा असताना सरकते.

मग आतली हवा काढा. हवा राहिली तर नवी पेटीही कुंथत चालते आणि लवकर झिजते. चाके हवेतच ठेवून बायपास ओढा, इंजिन मंद ठेवा आणि पेडल पुढे-मागे पूर्ण अंतरात सावकाश पाच-सहा वेळा दाबा. मग बायपास आत ढकलून तेच करा. नंतर गाडी सपाट जमिनीवर घेऊन थोडे पुढे, थोडे मागे असे काही फेरे मारा. आवाज गुळगुळीत झाला की थांबा आणि गार झाल्यावर तेलाची पातळी पुन्हा पाहा. तेल अंदाजाने भरू नका. टफ टॉर्कच्या लहान पेट्यांना बहुधा १०डब्ल्यू-३० या घट्टपणाचे तेल सांगितलेले असते, हायड्रो-गिअर कंपनीच्या पेट्यांना २०डब्ल्यू-५०. तुमच्या पुस्तिकेत जे लिहिले असेल तेच तुमचे.

टेकडीवरचा (२९ सप्टेंबर)

पेटी नवी झाली, पण चढ तोच आहे. पुढच्या वर्षी हीसुद्धा अशीच जाणार नाही का?

भोसरीचा फिटर (२९ सप्टेंबर)

हा प्रश्न विचारलात ते बरे झाले, कारण चालवण्याची पद्धत बदलली नाही तर तसेच होईल. चढावर गाडी मंदावली की माणूस स्वाभाविकपणे पेडल आणखी दाबतो, आणि तेच चुकीचे आहे. हायड्रोस्टॅटिकमध्ये पूर्ण दाबलेले पेडल म्हणजे वरचा गिअर. चढावर पेडल सोडत यावे. पंपाची चाल कमी झाली की त्याच इंजिनावर चाकांना जोर जास्त मिळतो. इंजिनचा थ्रॉटल मात्र कायम पूर्ण ठेवावा, कारण पेटीचा पंखा त्याच वेगावर फिरतो आणि थ्रॉटल कमी केला की तेल थंड होणेही कमी होते. उतारावर गवत वर-खाली कापावे, आडवे नाही. या गाड्यांच्या पुस्तिकांत साधारण १५ अंशांची मर्यादा दिलेली असते. ताई, तुमचा वरचा बांध त्याहून उभा वाटत असेल तर तेवढी पट्टी ब्रश कटरवरच ठेवा. आणि दर वेळी काम संपल्यावर पन्हाळ्यांतले गवत झटका. ते ओले असते तोवर बोटानेही निघते.

मुळशीची माती (६ ऑक्टोबर)

न्यूट्रल दीड आट्यावर जुळले. काल सकाळी नऊ वाजता गाडी सुरू केली आणि सलग पावणेदोन तास चालवली. मधल्या चढावर पेडल अर्ध्यावर आणले तेव्हा ती न थांबता, एकाच आवाजात वर गेली. इतके दिवस मी नेमके उलट करत होते. वरच्या बांधाचा कोन मोबाइलवर मोजला, तो १९ अंश भरला, म्हणून तिथे गाडी नेली नाही. काम संपल्यावर पेटीजवळ हात नेला, ती तापलेली होती पण जळका वास नव्हता. वडिलांच्या वहीत इंजिनच्या तेलाच्या तारखा ओळीने लिहिलेल्या आहेत, त्याच पानावर पेटीच्या तेलासाठी रकाना आखला आहे.

जुन्या पेटीचे गिअर आणि ॲक्सल चांगले आहेत. ते भंगारात देण्याचे मन होत नाही. कोणाला उपयोगी पडतील का?

भोसरीचा फिटर (६ ऑक्टोबर)

भंगारात देऊ नका. आमच्याकडे अशीच एक गाडी आली आहे, तिचा पंप ठीक आहे पण डिफरन्शियलचे दात गेले आहेत. भाग जुळतात का ते शेजारी ठेवूनच कळेल. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते, त्यामुळे बुधवारी दुपारी आणता आली तर उत्तम.

मुळशीची माती (६ ऑक्टोबर)

बुधवारी येते, काका. पेटी डिझेलने धुऊन पोत्यात बांधली आहे आणि सगळे बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवले आहेत.